मातेची अस्वच्छता

“नखं दाखव,” मी म्हणाले.

वैजंतानं मुलीला कडेवर सावरलं आणि एक हात पुढं केला. मग मुलगी दुसऱ्या कडेवर घेतली आणि दुसरा हात. नखं मुळापासून कापलेली होती. धुण्याच्या सोड्यानं बोटांची टोकं पांढरी पडून भेगाळली होती. तिथं मला काही सापडलं नाही, म्हणून मी पुढचा प्रश्न काढला.

“स्वयंपाकाआधी हात कशानं धुतेस?”

“साबण आसला तर साबणानं. न्हाईतर चुलीतल्या राखंनं.”

“राखेनं! आणि वर म्हणतेस पोरीचं पोट दुखतं.”

रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. वैजंता हसली नाही. चार वर्षांची माया तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. तोंड पिवळट, ओठ सुकलेले, मधूनच गुडघे पोटाशी घेऊन कळवळायची. या तक्रारीची ही तिसरी खेप. चार-चार दिवस परसाकडे होत नाही, जेवत नाही, भिंतीची माती खाते, उगाच किंचाळते. आधी दोनदा मी जंताची गोळी दिली होती. आता तिसरी हातावर ठेवली आणि लोहाच्या औषधाची बाटली दिली.

वैजंता जायला वळली आणि परत थांबली.

“बाई, एक इचारू? ही आदी धा पातूर मोजायची. आंगणवाडीत समद्यास्नी म्हणून दावायची. आता तिनावर थांबती. फुडचं तिला ठावंच न्हाई. जंतानं आसं हुतं व्हय?”

“पोट दुखत असलं की मुलं हट्ट करतात,” मी म्हणाले. “गोळी चावून खायला लाव. आणि घर जरा स्वच्छ ठेव.”

तिनं मान हलवली. ती गेल्यावर मी रजिस्टर ओढलं आणि रकाने भरले. नाव मायाक्का बिरू कोळेकर. वय, वजन, तक्रार, तारखा. शेवटच्या रकान्यात आजाराचं संभाव्य कारण लिहायचं असे. मी लिहिलं, मातेची अस्वच्छता. मग पुढच्या बाईला हाक मारली.

याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी हिवरमाळच्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टर होते, कंत्राटावर. लोक मला चौगुलेबाई म्हणायचे. पाच वाड्या, सहा हजार माणसं आणि एक सिस्टर. बाळंतपणं, लसी, नसबंदीची उद्दिष्टं, तापाचे नमुने, आणि या सगळ्याचे तक्ते दर महिन्याच्या पंचवीस तारखेला तालुक्याला. तक्ता कोरा गेला तर फोन यायचा. भरून गेला तर आत काय भरलंय ते कुणी विचारायचं नाही.

गावाच्या पश्चिमेला माळावर दिनकर शेटे यांची भट्टी होती. ट्रकच्या, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या तिथं गाड्या भरून यायच्या. माणसं त्या कुऱ्हाडीनं फोडायची, आतलं अॅसिड ओढ्याच्या उतारावर ओतून द्यायची आणि शिशाच्या प्लेटा भट्टीत टाकायची. वितळलेलं शिसं साच्यात ओतलं की त्याच्या विटा बनायच्या आणि ट्रकमधून कुठंतरी जायच्या. भट्टीला धुराडं नव्हतं, चार पत्रे होते. पश्चिमेचा वारा सुटला की करडा धूर सरळ कोळेकर वस्तीवर यायचा. गावात दुसरं काम नव्हतं, त्यामुळं भट्टी आली तेव्हा सरपंचांनी नारळ फोडला आणि त्या दिवशी वाटलेला पेढा मीही खाल्ला. फोडलेल्या बॅटऱ्यांची काळी खोकी घरोघर गेली होती. कुणी त्यात कोथिंबीर लावली होती, कुणी कोंबड्यांना पाणी ठेवत होतं. हे सगळं मी रोज एसटीतून उतरल्यावर बघत होते, आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला वाटत नव्हतं.

त्या तिसऱ्या खेपेनंतर नवव्या दिवशी, गुरुवारी, लसीकरण चालू असताना मायाचा बाप बिरू धावत आला. मुलीला त्यानं हातांत धरलं नव्हतं, दोन्ही कोपरांवर आडवी तोलली होती. त्याचे पंजे मनगटापासून खाली लोंबत होते. ते मला दिसलं. त्याचा अर्थ मात्र त्या वेळी लागला नाही, कारण माया आकडीत होती. डोळे वर, दातखीळ बसलेली, अंग धनुष्यासारखं ताठ.

“बाई, काय तर करा वो!”

मी तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर धायगुड्यांना फोन लावला, ते बैठकीला गेले होते. शेवटी वडापची जीप रस्त्यातच थांबवली, आतली माणसं उतरवली आणि मिरजेचं मोठं सरकारी रुग्णालय गाठलं. वाटेत आणखी एकदा आकडी आली. वैजंता मुलीचे पाय मांडीवर घेऊन बसली होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “हात धुतले हुते मी, बाई. द्येवाशपथ धुतले हुते.”

मुलांच्या वॉर्डात डॉक्टर शमीम मुजावर होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा कपाळावर चढवलेला. आकडी थांबवून त्यांनी मायाच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि स्वतःच सूक्ष्मदर्शकापाशी जाऊन बसल्या. मग मला हाक मारली.

“सिस्टर, इकडे या. डोळा लावा. काय दिसतं?”

“लाल पेशी आहेत. फिक्या.”

“आणि त्यांच्यात?”

पेशींमध्ये बारीक निळे ठिपके होते, कुणी टाक झटकावा तसे.

“घराजवळ काय वितळवतात?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, यांनी दुसऱ्याच पेशंटचं काहीतरी विचारलं. “वितळवतात?”

“धातू. काहीतरी वितळवत असणार.”

“बॅटऱ्या,” मी म्हणाले. “माळावर बॅटऱ्यांची भट्टी आहे. हिचा बाप तिथंच कामाला आहे.”

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मायाचा खालचा ओठ हलकेच ओढून मला दाखवला. हिरडीवर दातांच्या कडेनं शाईसारखी एक निळसर रेघ होती. तीन वेळा मी त्या मुलीला गोळी दिली होती, तोंड एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

“याआधी काय उपचार झाले?”

“जंताची गोळी. तीनदा.”

“शौचाचा नमुना तपासला होता? जंत दिसले होते?”

“नाही.”

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “शिसं आहे हे. रक्त पुण्याला पाठवते, आकडा येईल. आकडी आली म्हणजे मेंदूपर्यंत गेलंय. औषध मुंबईहून मागवावं लागेल. पण मी इथं औषध द्यायचं आणि पोरीला परत त्याच धुळीत पाठवायचं, याला काही अर्थ नाही. तुम्ही तिचं घर नीट बघून या. आणि वस्तीतल्या बाकीच्या मुलांचं रक्त घ्या. मी बाटल्या देते.”

चौथ्या दिवशी बिरूला पोरीजवळ बसवून वैजंता कपडे न्यायला गावी आली. मी तिच्याबरोबर निघाले. वस्तीच्या पायवाटेनं ती पुढं, मी मागं. दारात पोचल्यावर मी चप्पल काढून उंबऱ्यावर पाय ठेवणार, एवढ्यात ती म्हणाली, “थांबा बाई. पाय धुऊन या.”

तिनं तांब्यानं माझ्या पायांवर पाणी घातलं. त्यात राग नव्हता, तिच्या घरची ती रीतच होती.

आत दोन खोल्या. भुई शेणानं सारवलेली, कोपरेसुद्धा. फळीवर पितळी भांडी उतरत्या क्रमानं लावलेली आणि एवढी घासलेली की खिडकीचा उजेड त्यांत हलत होता. गोधड्या घडी करून ठेवलेल्या. पाण्याच्या हंड्यावर स्वच्छ फडकं बांधलेलं. मी इतकी वर्षं वाड्यावस्त्यांवर काम केलं, एवढं स्वच्छ घर फार कमी पाहिलं.

“चार दिस झाडलं न्हाई,” ती ओशाळून म्हणाली आणि केरसुणी घेऊन झाडायला लागली. दारातून ऊन आत आलं होतं. केरसुणी फिरली तशी त्या उन्हात करडी, जड धूळ वर उठली आणि बराच वेळ तरंगत राहिली.

“दिवसातनं तीन येळा झाडती. तरी येतीच ही. कुटनं येती कळत न्हाई.”

“माया कुठं असते, तू झाडताना?”

“हितंच की, माज्या मागं मागं.”

“आणि बिरूचे कपडे?”

“मीच धुती. मागं दगडावर. पाणी निस्तं शाईवाणी निगतं. माया बसती फेसात खेळत.” ती थांबली. “भट्टीवरनं आलं की आदी तिलाच उचलत्यात. घामाच्या अंगानं. आंगूळ करा म्हणलं तरी ऐकत न्हाईत. आता तर उचलायला बी हात चालंना त्यांचं. घास मोडता येत न्हाई.”

बिरूचे लोंबणारे पंजे मला आठवले, तेही शिशानंच.

फळीवर एक डबा होता. मी सहज विचारलं, यात काय.

“गूळ. शेटे दर शनवारी देत्यात भट्टीवरच्या माणसांस्नी. गूळ खाल्ला की इख उतरतं म्हनं. ह्ये खाईत न्हाईत, पोरीसाटनं आणत्यात.”

“विष? कोण म्हणालं विष?”

“शेटेच म्हणत्यात.”

मी भुईवर बसले. वैजंतानं विचारलं, पाणी देऊ का. मी नको म्हणाले, मग हो म्हणाले. राग यायचा तो शेट्यांचा यायला हवा होता, पण त्या क्षणी मला त्या चकचकीत भांड्यांकडं बघवत नव्हतं.

पुढच्या दोन दिवसांत मी वस्तीतल्या अकरा मुलांचं रक्त घेतलं. बाया विचारायच्या, कशाचं घेताय बाई, आणि मी पहिल्यांदाच खरं उत्तर द्यायची. पंधरा दिवसांनी आकडे आले. मायाचा चौऱ्याहत्तर. बाकीच्यांत सगळ्यात कमी एकोणतीस. डॉक्टर मुजावर म्हणाल्या, “मुलाच्या रक्तात हे असायलाच नको. पाच आला तरी मी आईबापांना बोलावून घेते.” त्यांनी त्याच दिवशी जिल्ह्याला पत्र धाडलं आणि त्याची प्रत वर्तमानपत्राला दिली. बातमी आली म्हणून चौकशी लागली. नुसत्या पत्रानं लागली असती का, मला ठाऊक नाही.

चौकशी तालुक्याच्या कचेरीत होती. आदल्या दिवशी डॉक्टर धायगुड्यांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. त्यांच्या टेबलावर माझं रजिस्टर पडलं होतं.

“चौगुले, शेट्यांचा वकील हे रजिस्टर दाखवणार. त्यानं नक्कल काढून घेतली आहे.”

“कशाला?”

“तुम्हाला माहीत आहे कशाला.” त्यांनी पान उघडलं. “उद्या फक्त ‘हो, अक्षर माझं आहे’ एवढं म्हणायचं. जास्त बोलायचं नाही. शिसंबिसं मिरजेचे डॉक्टर बघतील. सहा महिन्यांनी तुमच्या कायम होण्याचा प्रस्ताव आहे. मी सही करणार आहे त्यावर.”

“आणि अकरा मुलं?”

“मुलांना औषध मिळतंय ना? मग?” ते खिडकीबाहेर बघायला लागले. “आपण कारण शोधणारी माणसं नाही, चौगुले. आपण गोळ्या देणारी माणसं.”

कचेरीच्या हॉलमध्ये तहसीलदार मधोमध बसले होते. एका बाजूला दिनकर शेटे. पांढरे कपडे, शांत चेहरा, आल्या-गेल्याला नमस्कार. भट्टीवर हा माणूस फक्त शनिवारी यायचा, गाडीतून न उतरता गूळ वाटायला लावायचा आणि खिडकीतूनच चार शब्द बोलून जायचा, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. शेजारी त्यांचा वकील. दुसऱ्या बाजूच्या बाकावर वैजंता, बिरू आणि वस्तीतली चार माणसं. डॉक्टर मुजावरांनी सकाळीच साक्ष दिली होती आणि वॉर्डात पेशंट होते म्हणून त्या परत गेल्या होत्या.

वकील अतिशय सभ्यपणे बोलला. शिसं सगळीकडेच असतं. रंगात असतं, पेट्रोलच्या धुरात असायचं, जुन्या नळात असतं. पाण्याचा नमुना घेतलाय, तो स्वच्छ आला आहे. नमुना ग्रामपंचायतीच्या नळाचा होता, ओढ्याचा नव्हता, हे त्यानं सांगितलं नाही. मग त्यानं मला पुढं बोलावलं.

“सिस्टर, हे अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“मायाक्का कोळेकर या मुलीच्या तीन नोंदी आहेत. शेवटचा रकाना वाचाल?”

मी वाचला. “मातेची अस्वच्छता.”

“दुसरी?”

“मातेची अस्वच्छता.”

“आणि तिसरी?”

मी तिसरीही वाचली. बाकावर वैजंतानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तिला वाचता येत नव्हतं. आपल्याबद्दल सरकारी कागदावर काय लिहिलंय, ते तिनं त्या दिवशी, चाळीस माणसांच्या देखत, माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

“साहेब,” वकील तहसीलदारांकडे वळला, “हे कुणी टेबलावर बसून लिहिलेलं नाही. प्रत्येक नोंदीपुढे गृहभेटीची तारीख आहे. चार, अठरा आणि सत्तावीस. या सिस्टर तीन वेळा स्वतः त्या घरी गेल्या, त्यांनी डोळ्यांनी घर पाहिलं आणि मग हे कारण लिहिलं. बरोबर, सिस्टर?”

वैजंता आता माझ्याकडं बघत होती. तिला उत्तर माहीत होतं. त्या हॉलमध्ये ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. तिनं ते माझ्यावर सोडलं.

“बरोबर नाही,” मी म्हणाले.

“काय बरोबर नाही?”

“मी गेले नव्हते. तीनही तारखा मी उपकेंद्रात बसून टाकल्या. पोरीला आकडी येईपर्यंत मी त्यांच्या दारातसुद्धा उभी राहिले नव्हते.”

डॉक्टर धायगुड्यांनी डोळे मिटून घेतले. तहसीलदार पुढं झुकले. “बाई, आपण काय बोलताय ते कळतंय का? सरकारी रजिस्टरमध्ये खोटी नोंद केली, असं म्हणताय.”

“हो साहेब. तसं लिहून घ्या. पण हेही लिहा, की त्या नोंदी करताना मला त्या घराचा रंगसुद्धा माहीत नव्हता. आकडीनंतर चौथ्या दिवशी मी पहिल्यांदा गेले. त्या घरात जायचं तर माणसाला पाय धुवावे लागतात. ही बाई दिवसातून तीनदा घर झाडते आणि तीनदा भट्टीची धूळ उडते. नवऱ्याचे कपडे हातानं धुते आणि ते पाणी पोरीच्या अंगावर उडतं. ती कमी स्वच्छ असती तर कदाचित पोरगी कमी आजारी पडली असती. कारण माहीत नव्हतं, आणि रकाना कोरा ठेवता येत नव्हता, म्हणून मी आईचं नाव लिहिलं. एकट्या मायाचंच नाही. वस्तीतल्या नऊ मुलांपुढं मी हेच लिहिलंय. बघा, पुढची पानं उलटून बघा.”

वकील हसला. मोठ्यानं नाही. “साहेब, साक्षीदार स्वतःच्या तोंडानं सांगतेय की ती खोटं लिहिते. मग ती आज खरं बोलतेय, हे कशावरून मानायचं?”

त्याचा प्रश्न रास्त होता. आजही आहे. कुणीतरी मागं कुजबुजलं, शेटे रुमालानं कपाळ टिपत होते, आणि मला वाटलं, झालं, आपण बोललो आणि उलट त्यांचंच काम सोपं करून बसलो.

तेव्हा वैजंता उठली.

“सायेब, मी बोलू?”

“बोला.”

ती तहसीलदारांशी बोललीच नाही. सरळ शेट्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.

“मालक, तुमी दर शनवारी गूळ देता का न्हाई?”

शेटे क्षणभर गोंधळले, मग हसले. “देतो की. माझ्या माणसांची काळजी मी घेतो. साहेब, चौकशी करा, शेंगदाणेसुद्धा देतो.”

“कशापायी?”

“अहो, अंगात ताकद राहावी म्हणून.”

“न्हाई. इख उतरतं म्हणून देता. तुमीच सांगितलं, माज्या घरधन्यास्नी. ह्यांस्नी बी सांगितलं.” तिनं बाकावरच्या चौघांकडं बोट केलं. चौघांपैकी तिघांनी माना खाली घातल्या. चौथा, म्हातारा सिद्धू, म्हणाला, “व्हय. सांगितलंय.”

“मग आज म्हणता भट्टीत इख न्हाई. इख न्हाई तर उतरवायचं काय हुतं? आन हुतं, तर मोठ्या माणसाला गूळ दिला, माज्या पोरीला काय दिलं?”

शेट्यांनी वकिलाकडं बघितलं. वकील कागद चाळायला लागला. बिरू उठून उभा राहिला आणि त्यानं आपले दोन्ही हात समोर धरले. ते मनगटापासून खाली पडले. त्यानं पुन्हा उचलले, पुन्हा पडले.

तहसीलदारांनी लिहून घेतलं. मी त्यांचं पेन कागदावर चालताना बघत होते आणि मला वाटलं, लिहिलं गेलं म्हणजे झालं. तक्ते भरण्यात सगळी नोकरी गेली होती, तरी मला असं वाटलं.

महिन्याभरानं आदेश आला. भट्टी बंद. वस्तीत कुणीतरी फटाके उडवले. मी आदेशाची प्रत मिळवून तीन पानं दोनदा वाचली. शेतजमिनीचा बिगरशेती वापर केला म्हणून आणि पत्र्याच्या शेडला परवानगी घेतली नाही म्हणून भट्टी बंद करण्यात आली होती. शिसं हा शब्द त्यात कुठं नव्हता. मुलं हा शब्द नव्हता. शेट्यांवर खटला नाही, वैद्यकीय खर्चाची जबाबदारी नाही. आठ महिन्यांत शेजारच्या जिल्ह्यातल्या एका माळावर त्यांनी तीच भट्टी दुसऱ्या नावानं लावली, या वेळी बिगरशेती परवाना काढून आणि रीतसर शेड बांधून. तिथंही कुणीतरी नारळ फोडला असेल.

या सगळ्या प्रकरणात शिक्षा एकाच माणसाला झाली. सरकारी अभिलेखात खोट्या नोंदी केल्याबद्दल माझं कंत्राट संपवण्यात आलं. शिक्षा चुकीची होती, असं मी कधीच म्हटलं नाही. ती एकटीला कशी पुरली, एवढंच मी विचारत असते.

मायाला तीन आठवडे औषध दिलं, मग महिन्याभरानं पुन्हा. वैजंतानं हिवरमाळ सोडलं आणि नवऱ्याला, पोरीला घेऊन ती माहेरी, पंचवीस मैलांवर गेली. पोरीला परत त्या धुळीत नेऊ नका, हे डॉक्टर मुजावरांचं सांगणं तिनं अक्षरशः पाळलं. जाताना तिनं घरातली एक गोधडीसुद्धा नेली नाही. बिरूचे हात हळूहळू थोडे चालायला लागले. मायाच्या रक्तातलं शिसं उतरत गेलं. मी डॉक्टरांना विचारलं, आता ती बरी होणार ना? त्या म्हणाल्या, “रक्त बरं झालंय. मेंदूचं जे गेलं ते परत आणायचं औषध अजून कुणाकडे नाही.”

तीन वर्षांनी मी वैजंताच्या माहेरी त्यांना भेटायला गेले. तोवर मिरजेत एका खाजगी दवाखान्यात मी लागले होते. माया सात वर्षांची, दुसरीत. ती शाळेत गेली होती. बिरू कुणाच्या तरी मळ्यावर राखणीला होता. वैजंतानं चहा टाकला आणि बोलता बोलता भिंतीवरची पाटी काढून मला दाखवली. पाटीवर ‘घर’ आणि ‘नळ’ असं वेड्यावाकड्या अक्षरांत दोनदा लिहिलं होतं.

“हे मायानं काढलंय,” ती म्हणाली, “आन त्येच्या खालचं मी. मला वाचाय येत न्हाई. पर रोज दिवं लागायच्या वक्ताला पुस्तक उगडून बसतो दोगी, आन चित्र काढल्यावाणी अक्षरं काढतो. तिच्या ध्येनात ऱ्हात न्हाई. सकाळी परत पयल्यापास्नं. मी बी परत पयल्यापास्नं.”

“रोज?”

“रोज. सणावारी बी.”

मग तिनं ट्रंकेतून एक पुस्तिका काढली. मायाचं प्रगतिपुस्तक. “गुर्जींनी ह्यात कायतर लिवलंय. सही करून आण म्हणलं. मी आंगठा दिला न्हाई अजून. काय लिवलंय ते कळल्याबिगर कसा द्यायचा? वाचा की.”

मी पान उघडलं. गुणांच्या खाली, शेऱ्याच्या रकान्यात, सुबक अक्षरात एक ओळ होती. ती मी मनात दोनदा वाचली. वैजंता हनुवटीला हात लावून वाट बघत होती. मला वेगळं काहीतरी वाचता आलं असतं. मुलगी कष्टाळू आहे, असं म्हटलं असतं तर ती खूश झाली असती.

मी जसं होतं तसं वाचलं. “घरी अभ्यासाकडे अजिबात लक्ष दिले जात नाही. आई निष्काळजी आहे.”

चहा उतू गेला. तिनं तो उतरवला, चूल पुसली, फडकं पिळून वाळत टाकलं. मग म्हणाली, “म्हंजी परत मीच?”

“गुरुजी कधी घरी आले होते?” मी विचारलं.

“न्हाई.”

“शाळा किती वाजता सुटते?”

“पाचाला.”

साडेतीन वाजले होते. मी प्रगतिपुस्तक पिशवीत टाकलं आणि उठले. वैजंतानं पाटी फडक्यात गुंडाळून काखेत मारली, दाराला कडी घातली आणि पदर खोचला.

“ह्या बारीला मी बोलणार, बाई,” ती म्हणाली. “तुमी निस्तं वाचून दावा.”

ती पुढं निघाली, आणि तिच्या पावलांशी पाऊल जुळवायला मला जवळजवळ पळावं लागलं.